बराकीत मांडलेली चूल



आमच्या पुतण्यानं भाट्यात एक जुनी आंब्याची वखार बघून ठेवली आहे. जांभ्याच्या जाड भिंती, वर कौलं, आत एकच लांबलचक दालन आणि खिडक्या नावापुरत्या. एके काळी तिथे हापूसच्या पेट्या भरायच्या, पेंढा साठवायचा. आता मालक मुंबईला आणि वखार रिकामी. "काकू, हीच घेतो आणि हिचंच घर करतो," असं त्यानं सांगितल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न आला, "वखारीत कुणी राहतं का रे?" दुसरा लगेच पाठोपाठ, "आणि चूल कुठे मांडणार?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे. राहतात. आपल्याच महाराष्ट्रात लाखभर माणसं अशा इमारतींमध्ये राहिली, ज्या घर म्हणून कुणी बांधल्याच नव्हत्या. पण दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. घराचा इतिहास लिहिणारे दरवाजे, कमानी, खांब मोजतात. चूल कुठे होती, पाणी कुठून आणायचं, कपडे बदलायला आडोसा होता का, हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून आज हा लेख चुलीच्या बाजूनं लिहिते आहे.

भाट्याच्या पुलावर उभं राहून रत्नागिरीच्या बाजूला पाहिलं की खाली काजळी नदीची खाडी आणि वर टेकडी दिसते. त्या टेकडीवर थिबा राजवाडा आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो, थिबा पॉइंटवरून खाडी दाखवतो, फोटो काढतो आणि परत येतो. पण एका कुटुंबाला परक्या इमारतीत घर करायला लावलं, त्याची ही आपल्या गावातली गोष्ट आहे, हे सांगायचं राहून जातं.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडालेचा राजवाडा घेतला, राजाला, राणी सुपयालतला आणि तिच्या धाकट्या बहिणीला (तीही थिबाचीच राणी) बोटीत बसवलं आणि देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. बरोबर लहान मुली होत्या. तिसरी मुलगी मद्रासला असतानाच झालेली, म्हणजे रत्नागिरीच्या बंदरात उतरली तेव्हा अगदी तान्ही होती. चौथी इथेच १८८७ मध्ये जन्मली. एप्रिलचा रत्नागिरीचा घाम तुम्हाला माहीतच आहे. ओल्या बाळंतिणीला त्या हवेत आणून सोडलं होतं.

त्यांना ठेवलं ते साहेबी बंगल्यांमध्ये. आउट्रम हॉल आणि बेकरचा बंगला अशी त्यांची नावं. त्या काळचा साहेबी बंगला म्हणजे चहूबाजूंनी व्हरांडा, मधे मोठ्या खोल्या, आणि स्वयंपाकघर मात्र घरापासून तोडून मागच्या बाजूला, कारण साहेबाला धूर आणि वास नको असायचा. हा बंगला एखाद्या अधिकाऱ्यानं दोन-तीन वर्षं राहावं आणि बदली झाली की जावं, यासाठी केलेला. त्यात मंडालेच्या सोनेरी लाकडी राजवाड्यातून आलेलं, सेवक-दासींचा गोतावळा असलेलं कुटुंब राहिलं. किती वर्षं, तर चोवीस. मुलींचं सगळं बालपण आणि तारुण्य त्या बंगल्यांत गेलं. बाहेर पोलिसांचा पहारा. पैसे पुरत नव्हते म्हणून बरोबर आणलेली माणकं आणि दागिने एकेक करून विकले गेले. सरकारकडे अर्जांवर अर्ज गेले, त्यात घराची तक्रार पुन्हा पुन्हा आहे.

शेवटी सरकारनं राजवाडा बांधून दिला. १९१० मध्ये कुटुंब तिथे राहायला गेलं. उतरत्या छपरांची मोठी इमारत, अर्धगोल खिडक्यांवर लाकडाचं सुरेख कोरीवकाम, वर संगमरवरी फरशीचं दालन, मागच्या बाजूला राजानं बसवलेली बुद्धमूर्ती. घर म्हणून, राजासाठी म्हणून मुद्दाम बांधलेली वास्तू. पण १९१२ मध्ये धाकटी राणी गेली, १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला आणि १९१९ मध्ये उरलेलं कुटुंब ब्रह्मदेशाला परतलं. जेमतेम नऊ वर्षं. पुढे त्या वास्तूत तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले, आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. राजवाड्याचं शाळेत, शाळेचं संग्रहालयात रूपांतर झालं आणि घर म्हणून तो सगळ्यात कमी काळ वापरला गेला.

त्या कुटुंबातलं कुणी रत्नागिरीत खरंच रुजलं असेल तर ती थोरली राजकन्या. राजकुटुंबाच्या पहाऱ्यावरच्या गोपाळ सावंतांशी तिचं नातं जुळलं, त्यांना मुलगी झाली, टूटू. ब्रह्मदेशाला गेलेली राजकन्या परत रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टूटू मराठी बोलत, मराठी संसार करत २००० सालापर्यंत रत्नागिरीत जगली. राजाची नात साध्या घरात राहिली आणि राजवाडा समोर टेकडीवर होता. रत्नागिरीकरांनी तिला परकं मानलं नाही, पण आपल्याही घरांमधून तिची गोष्ट सांगताना आवाज थोडा खाली यायचा, हेही मी ऐकलं आहे.

आता थोडी माझ्या माहेरच्या बाजूला, कोल्हापूरला येते.

आपल्यापैकी ज्यांचं माहेर कोल्हापूर, सांगली, हातकणंगले, जयसिंगपूर भागातलं आहे, त्यांना गांधीनगर सांगायला नको. लग्नाचा बस्ता म्हटला की गांधीनगर. साड्या, शालू, आहेराची कापडं, चादरी, सगळं घाऊक. मिरजेहून कोल्हापूरकडे येणाऱ्या गाडीनं रुकडी सोडली की पुढचं छोटं स्टेशन वळिवडे. बस्त्याची बाजारपेठ त्याच गावाला लागून. मी लहानपणापासून तिथे गेले, पण ती बाजारपेठ ज्या जमिनीवर उभी आहे तिथे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या बायकामुलांची वसाहत होती, हे मला बरंच उशिरा कळलं.

हे पोलिश लोक कोल्हापूरला आले कसे? १९३९ मध्ये पोलंडवर एका बाजूनं जर्मनी आणि दुसऱ्या बाजूनं रशिया चालून आले. रशियानं घेतलेल्या भागातून १९४० पासून लाखो माणसांना मालगाड्यांमध्ये भरून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियानं या पोलिशांना सोडायचं कबूल केलं. त्यांच्यातले पुरुष जनरल अँडर्सच्या सैन्यात भरती झाले. त्या सैन्याबरोबर बायका, म्हातारी माणसं आणि अनाथ मुलं १९४२ मध्ये इराणला पोहोचली. तिथून त्यांना कुणी कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी जागा दिली, ते बऱ्याच जणींनी वाचलं असेल. त्यापेक्षा कितीतरी मोठी वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेकाठी वळिवड्याला झाली. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं.

राहायला बराकी होत्या. जोत्याला दगड, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर कौलं. लांबच्या लांब रांगा, आगगाडीच्या डब्यांसारख्या. बराक हा शब्दच मुळी सैन्याचा. माणसांना रात्री झोपवायचं, सकाळी मोजायचं आणि गरज संपली की पाडून टाकायचं, अशा हिशेबानं बांधलेली ती इमारत. पण वळिवड्याच्या बराकी आतून कुटुंबांप्रमाणे वाटलेल्या होत्या. प्रत्येकीच्या वाट्याला खोली-दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि स्वयंपाकाची वेगळी जागा. मला ही शेवटची गोष्ट फार मोठी वाटते. छावणी म्हटलं की एक मोठा भटारखाना आणि हातात ताट घेऊन रांग, हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे मात्र कुटुंबांना खर्चाला पैसे मिळत, बायका बाजार करत आणि आपल्या चुलीवर आपलं रांधत. ज्या बाईनं सायबेरियात दोन वर्षं दुसऱ्यानं वाढलेला पावाचा तुकडा खाल्ला, तिला कोल्हापूरच्या बाजारातून बटाटे आणून आपल्या हातानं आपल्या चवीचं सूप करता आलं. गूळ, मिरची आणि तांबडा रस्सा यांच्या मुलखात त्यांनी काय काय रांधलं असेल, याचा विचार करून मला गंमतही वाटते.

हळूहळू तट्ट्याच्या त्या रांगांचं गाव झालं. व्हरांड्यापुढे फुलझाडं, भाज्यांचे वाफे. चर्च, शाळा, दवाखाना, टपाल, नाटकं, बालवीरांची पथकं. वळिवड्याचे आणि आसपासच्या गावचे भाजीवाले, दूधवाले दारावर येत आणि कामापुरतं पोलिश बोलत, असं तिथे राहिलेल्यांच्या आठवणींमध्ये येतं. आपल्या माणसांना भाषेची अडचण कधी फार वाटतच नाही, विशेषतः माल विकायचा असला की.

पण घर कितीही सजवलं तरी ते त्यांच्या मालकीचं नव्हतं, आणि परत जायला देशही उरला नव्हता. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं रशियाच्या हद्दीत गेलेली होती. लंडनमधल्या ज्या पोलिश सरकारच्या आधारावर छावणी चालायची, त्याची मान्यताही १९४५ मध्ये दोस्तांनी काढून घेतली. मग आंतरराष्ट्रीय मदत संस्थांनी भार उचलला आणि १९४७-४८ पर्यंत ही माणसं इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, काही पोलंड, अशी पांगली. एक मुलगी मात्र कोल्हापूरच्या मराठी घरात सून म्हणून राहिली. काही जण इथेच मातीत मिसळले, कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत.

बराकी रिकाम्या झाल्या आणि त्याच सुमारास कराचीहून बोटी भरून सिंधी कुटुंबं मुंबई बंदरात उतरत होती. पंजाब आणि बंगालची फाळणी झाली, म्हणजे अर्धा का होईना, आपल्या भाषेचा प्रांत तिथल्या लोकांना इकडे मिळाला. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना इकडे आपलं म्हणावं असं एक गावही नव्हतं. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि लोंढा वाढला. सरकारनं त्यांना जिथे जिथे युद्धकाळातल्या रिकाम्या छावण्या होत्या तिथे पाठवलं. त्यातली एक वळिवड्याची. तिचंच गांधीनगर झालं.

म्हणजे बघा, एका बेघर बाईनं सोडलेली चूल दुसऱ्या बेघर बाईनं पेटवली. एकीची भाषा पोलिश, दुसरीची सिंधी, आणि खालची जमीन मराठी.

इथे मला दशलक्षण पर्वातलं एक आठवतं. आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातव्या अध्यायात अचौर्य व्रताच्या पाच भावना येतात. त्यातल्या पहिल्या तीन राहण्याच्या जागेबद्दलच आहेत. शून्यागार, म्हणजे ओसाड, कुणाची नसलेली जागा. विमोचितावास, म्हणजे दुसऱ्यानं सोडून दिलेलं घर. आणि परोपरोधाकरण, म्हणजे आपण राहतो तिथे दुसरा आला तर त्याला अडवायचं नाही. हे मुनींसाठी सांगितलेलं आहे, अनगारांसाठी. आपण सागार, घर करून राहणाऱ्या. निर्वासितांचं सोडून आलेलं घर हा त्याग नव्हता, ती लूट होती, तेव्हा दोन्हींची सांगड घालू नये हे मला कळतं. तरीही 'जागेची चोरी' असं काही असू शकतं आणि राहण्याची जागा घेताना आधी कोण होतं, नंतर कोण येणार हे बघायचं, हा विचार इतका जुना आहे याचं मला दर वर्षी नव्यानं आश्चर्य वाटतं.

असो. पुन्हा बराकींकडे वळते. वळिवड्याच्या सिंधी कुटुंबांना निदान कुटुंबांपुरत्या पाडलेल्या खोल्या मिळाल्या. कल्याणजवळ गेलेल्यांचं नशीब त्याहून कठीण. तिथे सैन्याची प्रचंड छावणी होती, दोन हजारांवर बराकी. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसांसाठी बांधलेल्या त्या छावणीत जवळपास एक लाख निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं नाव उल्हासनगर झालं. नाव नदीवरून, उल्हासाशी तिथल्या जगण्याचा काही संबंध नव्हता.

मोठ्या बराकीच्या एकाच दालनात अनेक कुटुंबं. मधे भिंत म्हणून गोणपाट, नाहीतर जुनी साडी टांगायची. पलीकडच्या घरातलं कुजबुजणंही अलीकडे ऐकू येणार. नळ सार्वजनिक, संडास सार्वजनिक आणि लांब. नव्या सुनेनं, बाळंतिणीनं, पाळी आलेल्या मुलीनं त्या गोणपाटाआड दिवस कसे काढले असतील, याची कल्पना तुम्हीच करा. मला वाटतं, घराची पहिली भिंत तीच. विटांची नंतर येते. मग गोणपाटाचा पत्रा झाला, पत्र्याची विटांची भिंत झाली, व्हरांडा आत घेतला गेला, तिथे चूल गेली, मागे मोरी निघाली. पापड लाटणं, लोणची, शिवण, मिठाई, गोळ्या-बिस्किटं, जे जमेल ते त्याच खोलीत सुरू झालं. उल्हासनगरचा व्यापार आज सगळे नावाजतात, त्याचं पहिलं कारखान्याचं छप्पर म्हणजे या बराकी.

विकत घेण्याची गोष्ट यानंतर आली. १९५० मध्ये पाकिस्तानात सोडलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवण्याचा कायदा झाला आणि १९५४ मध्ये नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा. ज्याचा दावा मान्य झाला, त्याच्या भरपाईच्या रकमेतून राहत्या सरकारी खोलीची किंमत वळती करून ती त्याच्या नावावर करायची, अशी व्यवस्था होती. दावा नसलेल्यांसाठी हप्ते. हैदराबाद सिंधमधल्या दुमजली हवेलीच्या बदल्यात कल्याणच्या बराकीतला एक तुकडा, हा व्यवहार कागदावर बरोबर दिसतो. घरातल्या म्हाताऱ्यांना तो कसा वाटला असेल? पण त्या कागदानं एक गोष्ट केली. 'छावणीत राहतो' म्हणणारा माणूस 'माझं घर' म्हणू लागला. आणि एकदा घर आपलं झालं की माणूस थांबत नाही. वर मजला चढला, मग आणखी एक.

त्यातून पुढची अडचण उभी राहिली. परवानगीशिवाय इतकं बांधकाम झालं की मुंबई उच्च न्यायालयानं उल्हासनगरातल्या ८५५ इमारती पाडायला सांगितल्या, आणि २००६ मध्ये राज्य सरकारला ती बांधकामं दंड घेऊन नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. हजारो घरांच्या डोक्यावर त्या काळात टांगती तलवार होती. आजोबांनी बराक घर केली, मुलानं घर मजबूत केलं आणि नातवाला नोटीस आली.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं, ते त्याला घाबरवायला नाही. वखार जरूर घ्यावी. जांभ्याची भिंत उन्हाळ्यात गार राहते, छप्पर उंच आहे, अशी दगडी कामं आता होत नाहीत. पण सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि त्यावर वखारीची नोंद कशी आहे, हे आधी बघावं. जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. राहण्यासाठी वापरायची तर बिगरशेती वापराचे सध्याचे नियम बघावे लागतात. भाट्यात समुद्र आणि खाडी दोन्ही जवळ, म्हणून किनारा नियमन क्षेत्राच्या रेषेच्या आत येते का, हेही तपासावं लागतं. आणि मग चूल. वखारीत धूर जायला वाट नसते, उजेड कमी असतो. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, त्यामुळे दुपारी चार ते सहाचा उजेड ज्या भिंतीवर येतो तिथे मोठी खिडकी पाडून ओटा तिथे करायचा, असं मी त्याला सुचवलं. पाण्याची विहीर मागे आहेच. पाणी गाळून जिवाणी परत सोडता येईल इतकी ती जवळ आहे, त्यामुळे सासूबाईंचा अर्धा विरोध तिथेच मावळला.

वळिवड्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बहुतेक बराकी गेल्या. त्या जागी काचेची दुकानं, वर राहती घरं, रस्त्यावर टेंपो आणि गठ्ठे. कोल्हापुरात आपल्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला एक स्मृतिस्तंभ आहे. कितीतरी वेळा मी त्याच्याजवळ मुलांना खेळवलं आहे. २०१९ च्या सप्टेंबरात वळिवड्यातही एक स्तंभ उभा राहिला. त्या वेळी छावणीत वाढलेली काही मंडळी पोलंड-इंग्लंडहून आली होती. वयं ऐंशीच्या आसपास आणि पुढे. पुढच्या वेळी बस्त्याला गेलात की अर्धा तास काढून तो स्तंभ बघून या. स्टेशनपासून फार लांब नाही, कुठल्याही दुकानदाराला विचारलं तरी तो वाट दाखवेल.